कागदावर राखलेलं पांढरं खोड

शकुंतलाबाईंची आणि माझी भिंत एकच. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बारीक करते, इतकी एकच. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क गल्लीत कोणाला असेल तर तो मला, विमलबाईला.

बुलढाण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या. पण नोकरीत असेपर्यंत आपण एकही खरं झाड रंगवलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात. शाळेतलं निसर्गचित्र म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर एक नारळ. “बुलढाण्यात नारळ कुठं पाहिलास गं?” असं मुलींना विचारायचं आणि वर मार्कही द्यायचे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी जलरंगाची पेटी घेतली आणि झाडांच्या मागेच लागल्या. साग, अंजन, सालई, मोह, जे उभं असेल ते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. भिंतीवर चित्राऐवजी कॅलेंडर असलं तर निदान चतुर्थी कधी ते समजतं, असं माझं मत होतं आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. त्या नुसत्या हसल्या. तेव्हा त्या अजून हसायच्या.

मग नीळकंठरावांचं विसरणं सुरू झालं. नीळकंठराव त्यांचे यजमान. कोर्टात कारकून होते, रोज पांढरा शर्ट, सांगितलं तिथे उभं राहणार, सांगितलं तिथे सही करणार, असा सरळ माणूस. आधी चष्मा विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते. एके दिवशी सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून माझ्या दारात आले आणि म्हणाले, “बाई, कोर्ट कोन्या बाजूले आहे?” कोर्टातली त्यांची ती छापील मराठी हळूहळू गळून पडली आणि डोणगावला लहानपणी बोलायचे ती भाषा वर आली. बाईंना ते कधी ‘अगं’ म्हणायचे, तर कधी परक्या बाईला म्हणावं तसं नुसतं ‘बाई’.

त्या घरात भीती राहायला आली ती तेव्हापासून. बाईंनी दाराला वरच्या बाजूला, नीळकंठरावांचा हात सहजी पोचणार नाही अशी दुसरी कडी बसवून घेतली. प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून फोन नंबर शिवला. माझ्याशी बोलताना त्यांचे डोळे माझ्याकडे आणि कान यजमानांच्या चपलांकडे. चपलांचा आवाज थांबला की बोलणं अर्धवट सोडून आत पळायच्या. मी चिडायचे. नंतर चिडणं सोडलं, कारण त्यांचा चेहरा पाहवत नसे.

एवढं असून त्यांचं रानात जाणं काही सुटलं नाही. मुलगा आल्हाद पुण्याहून फोनवर ओरडायचा, “आई, बाबांना घेऊन जंगलात कशाला जातेस? काही झालं तर?” मीही तेच म्हणायचे. पण त्यांचं म्हणणं, झाडांसमोर बसलं की हे शांत बसतात. आणि एकदा हळूच म्हणाल्या, “विमलताई, हातात ब्रश असतो ना, तेवढाच वेळ मला भीती वाटत नाही हो.”

बोथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उकंडराव आणि सत्यभामाबाई यांचं भाजीपाल्याचं शेत आहे. शेताचा शेवटचा बांध संपतो तिथे जंगल सुरू होतं. जीवनचा ऑटो दुपारी या दोघांना तिथे सोडायचा आणि दिवस कलायच्या आत घ्यायला यायचा. बांधावरच्या मोहाखाली बाई जंगलाकडे तोंड करून बसायच्या. त्यांच्या मागे एका घडीच्या स्टुलावर नीळकंठराव. उकंडरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, ऊन उतरलं का बांध सोडाचा. अस्वल येते इकडं. त्याले दिसते कमी, पण माणूस हलला, पळाला, का मंग ते सोडत नाही.”

आता नीळकंठरावांना एका जागी बसवायचं कसं? तर बाईंनी युक्ती काढली. रंग कालवायला घेतले की म्हणायच्या, “हलू नका हं, तुम्हाला चित्रात घेतेय.” त्यांच्या लग्नातल्या फोटोत नीळकंठराव असे ताठ बसलेत की फोटोवाल्याने जाऊ दिलं की नाही अशी शंका यावी. त्या माणसाला ‘हलू नका’ म्हटलं की काम झालं. गुडघ्यांवर हात ठेवून, हनुवटी वर करून तो तासभर बसायचा. परत निघताना विचारायचा, “झालं?” बाई म्हणायच्या, “झालं.” आणि चित्राच्या पॅडवर फडकं टाकायच्या. त्या चित्रांत झाडं होती, ओढा होता, एकदा उकंडरावांचा बैलही होता. नीळकंठराव एकातही नव्हते.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. सागाची पानं झडून खाली खच पडला होता आणि रान आरपार दिसत होतं. उकंडराव मेथी घेऊन बाजाराला गेले होते, सत्यभामाबाई खाली विहिरीजवळ वांग्यात होत्या. बाईंनी पेन्सिलीने खोडं आखली, कागद ओला केला आणि मागच्या झाडांचा निळसर करडा रंग वरून खाली ओढायला घेतला. जलरंगाचं एक असतं, त्यांनीच मला समजावलेलं. असा ओला रंग एकदा सुरू केला की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर कडा वाळते आणि तिथे डाग पडतो, मग तो जन्मभर जात नाही. उन्हाळा लागला की कागद बघता बघता वाळतो. त्यामुळे ओला हात चालू असताना मान वळवायची नाही, हा त्यांचा नियम. दुसरं म्हणजे जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागदच कोरा राखायचा. आणि काय राखायचं ते कळावं म्हणून डोळे किलकिले करून पाहायचं. मुलींना त्या वर्षानुवर्षं हेच शिकवत आल्या, डोळे किलकिले केले की बारीकसारीक जातं, उजेड आणि अंधार तेवढा उरतो.

रंग अर्ध्यावर असताना मागे स्टूल करकरलं.

“येतो,” नीळकंठराव म्हणाले.

“हं, हलू नका,” बाई म्हणाल्या. मान वळवली नाही.

पाचोळा वाजला. तो वाजतच असतो. रंग खोडांपर्यंत आला तेव्हा त्यांनी डोळे किलकिले करून समोर पाहिलं. सागाच्या काळपट खोडांमध्ये एक पांढरं, उभं काहीतरी दिसलं. कांडोळाचं झाड असणार, त्याचं खोड असंच पांढरंफटक असतं. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. बाईंनी ब्रश दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवून तेवढा कागद कोरा राखला आणि रंग खालपर्यंत आणून सोडला. डाग पडला नाही. त्या खूश झाल्या. ब्रश अंबाड्यात खोचला, ही त्यांची जुनी सवय, आणि मागे वळल्या.

स्टूल रिकामं होतं.

बाईंनी आधी बांधावरून हाका मारल्या. उत्तर नाही. पहिला विचार आला तो रस्त्याचा. नीळकंठरावांना सदा कोर्टात जायचं असतं, म्हणजे ते बसला हात दाखवायला रस्त्याकडेच गेले असणार. बाई वांग्यातून, मेथीच्या वाफ्यातून, चपलांत चिखल घेऊन रस्त्यापर्यंत धावल्या. सत्यभामाबाई धावून आल्या. रस्त्यावर कोणी नाही. एक ट्रक गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाई त्याच्या चाकांकडे बघत राहिल्या. जीवनला फोन लावला, तो म्हणाला, “निघालो, बाई.” तोवर ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

“तुमी इथंच थांबा, मी मानसं घेऊन येतो,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “एकट्यानं आत जाऊ नका, बाई. येळ वाईट हाय.” आणि त्या वस्तीकडे पळाल्या.

बाई बांधावर परत आल्या. सामान तिथेच पडलं होतं. चित्र वाळलं होतं. त्या म्हणतात, मला त्या वेळी चित्राचा राग आला, फाडून टाकावंसं वाटलं. म्हणून त्यांनी पॅड उचललं. उचलल्यावर नजर कागदावर गेली, त्या पांढऱ्या खोडावर. आणि मग समोर रानाकडे, जिथे आता नुसती सावली होती.

या बांधावर त्या किती वेळा बसल्या होत्या. समोरचं एकेक खोड त्यांना तोंडपाठ होतं. तिथे कांडोळाचं झाड नाही. कधीच नव्हतं.

रंग वाळू न देण्याच्या नादात त्यांनी नवऱ्याकडे सरळ समोर पाहिलं होतं आणि त्याचं झाड केलं होतं. बारीकसारीक जातं, असं त्या मुलींना सांगायच्या. ते बारीकसारीक म्हणजे नीळकंठराव.

सत्यभामाबाईंनी नको म्हटलं होतं. तरी त्या उतरल्या. पॅड समोर धरलं, कागदावरची खोडं आणि समोरची खोडं जुळवत, कोरड्या ओढ्यात उतरून पलीकडे चढल्या. आत सावली दाटली होती. पाचोळा पायाखाली इतका वाजत होता की आपलाच आवाज ऐकून त्या थांबत. हाक मारायला तोंड उघडलं आणि ते दिसले.

दोन सागांच्या मध्ये उभे. हात बाजूला सरळ, हनुवटी वर, पांढरा शर्ट. बाईंच्या तोंडून हाक निघणार तेवढ्यात त्यांना दुसरा आवाज आला. बशीतला चहा कोणीतरी जोरजोरात ओढावा तसा. नीळकंठराव चहा पीत नव्हते. त्यांच्या डाव्या हाताला, फार लांब नाही, एक वारूळ होतं. वारुळापाशी काळा ढीग होता आणि तो हलत होता. अस्वल वारूळ उकरून तोंड आत घालून वाळवी ओढत होतं.



तेवढ्यात नीळकंठरावांनी त्यांना पाहिलं. चेहरा उजळला. फार दिवसांनी असा उजळला होता, आणि नेमका त्या वेळी. उजवा हात वर यायला लागला, तोंड उघडायला लागलं. ते हाक मारणार होते. बाईंना ओरडून थांबवता येत नव्हतं, धावत जाता येत नव्हतं, हाताने खूण केली असती तर ‘ये’ समजून ते चालायला लागले असते.

बाईंनी पॅड डाव्या हातावर घेतलं. अंबाड्यातला ब्रश काढला. हात लांब करून ब्रश डोळ्यासमोर उभा धरला, एक डोळा मिटला, जसं त्या झाडाची उंची मोजताना करतात.

नीळकंठरावांचा हात खाली गेला. तोंड मिटलं. हनुवटी वर आली.

मग बाई चित्र काढत राहिल्या. पाणी नाही, रंग नाही, कोरडा ब्रश वाळलेल्या कागदावर. थांबल्या तर त्यांना वाटेल झालं, म्हणून थांबायची सोय नव्हती. वर बघायचं, ब्रश फिरवायचा, वर बघायचं. आता डोळे किलकिले केले नाहीत, टक्क उघडे ठेवले. त्यामुळे सगळं दिसलं. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. सकाळी बाईंनीच दाढी करून दिली होती, तिच्यात डाव्या गालावर पांढरे खुंट राहिले होते. कानाजवळून घामाचा ओघळ निघाला होता आणि तो पुसायलाही हा माणूस हलत नव्हता.

मी विचारलं, “अस्वलाची किती भीती वाटली असेल हो?”

त्या म्हणाल्या, “अस्वलाची नाही वाटली. हे विसरतील याची वाटली.”

जो माणूस ताट समोर असताना जेवायचं विसरतो, त्याने आता एवढं एकच लक्षात ठेवायचं होतं, की हलायचं नाही. आणि तेही बाईंनी कधीकाळी खोटंच सांगितलेलं.

अस्वलाने तोंड बाहेर काढलं. नाकाला माती लागलेली. ते फुसफुसलं, नाक वर करून इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बाईंचा ब्रश चालू होता. मग ते वळलं आणि पाचोळा तुडवत ओढ्याच्या वरच्या अंगाला निघालं. आवाज लांब गेला, बारीक झाला, बंद झाला. तरी त्यांचा हात थांबेना. शेवटी दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरला आणि जवळ गेल्या.

नीळकंठराव तसेच उभे. ओठ न हलवता म्हणाले, “झालं?”

“झालं.”

तेव्हा ते मटकन खाली बसले. बाईही बसल्या. त्यांच्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरून रडायला लागल्या. नीळकंठरावांनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग पॅडला हात लावला. “दाखव.”

इतक्या वर्षांत त्यांनी ‘दाखव’ कधी म्हटलं नव्हतं. बाई सांगतात, अस्वलासमोर सुटला नाही तेवढा धीर तेव्हा सुटला. आता कळणार, की बायको इतके दिवस फसवत होती. पण लपवायला फडकंसुद्धा नव्हतं. त्यांनी कागद पुढे केला.

नीळकंठरावांनी तो डोळ्यांजवळ नेला. निळसर रान पाहिलं, खोडं पाहिली. मग बोट नेमकं त्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

“हा मी.”

बाईंनी मान डोलावली.

“मांगं बसलो तं चित्रात कसा येईन? तू इकडं पाहून राह्यली होती. म्हनून समोर येऊन उभा राह्यलो.” ते अजून कागद निरखत होते. “बराबर काढलं. तोंड राह्यलं माह्यं.”

“काढते,” बाई म्हणाल्या. “घरी जाऊन काढते.”

सत्यभामाबाई काठ्या, पत्र्याचे डबे आणि चार माणसं घेऊन आल्या तेव्हा हे दोघं हात धरून ओढा चढत होते. मला हे कळलं तेव्हा मी बाईंना असं झापलं की माझाच आवाज बसला. आल्हाद दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. त्याला ओरडायला माझ्यामुळे काही उरलं नव्हतं.

रानात जाणं बंद झालं. आता त्या अंगणातला कडुनिंब रंगवतात आणि नीळकंठरावांना त्याच्याखाली, समोर बसवतात. प्रत्येक चित्रात ते असतात, दाढीच्या खुंटांसकट. ते ‘रानातलं’ चित्र मात्र त्यांच्या बैठकीत कॅलेंडरच्या खिळ्याला लागलं आहे. पांढऱ्या खोडाला तोंड काढायला त्या दोनदा बसल्या. कोरी जागा नखाएवढी, त्यात तोंड तिळाएवढं. रंगात बुडवलेला ब्रश कागदापाशी नेऊन त्या परत पाण्यात सोडायच्या. राहिलं ते राहिलंच. पहिले काही महिने नीळकंठराव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवायचे, “हा मी.” आम्ही म्हणायचो, “हो का? छान.”

परवा मी वाटीभर विरजण मागायला गेले. बाई समोर चित्र काढत बसल्या होत्या. नीळकंठराव खिळ्याखाली उभे होते, चित्राकडे बघत. मी रोजच्यासारखं विचारलं, “कोण आहे हो ते?”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. बोट कोऱ्या जागेपाशी नेलं, पण ठेवलं नाही.

“कोनी तरी हाये,” ते म्हणाले. “एकटाच उभा हाये. त्याले न्यायले कोनी येईन का, बाई?”

मला वाटलं ते मला विचारताहेत. ते शकुंतलाबाईंना विचारत होते. शाळेत आयुष्यभर शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या शकुंतलाबाईंनी ब्रश खाली ठेवला, कागदावरचा रंग ओला असतानाच ठेवला, आणि उठून त्यांचा हात धरला.

“हाव,” त्या म्हणाल्या. “निघाली ना मी.”